तसबीर गल्लीतला कापसाचा हंगाम

कापूस यायला लागला की मला खोकला सुरू होतो. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात आणि गोळ्या लिहून देतात. मी म्हणते, अहो, ही ॲलर्जी नाही, हा हंगाम आहे. यवतमाळ जिल्ह्यात सत्तरच्या वर दिवाळ्या काढलेल्या बाईच्या छातीत थोडी रुई असायचीच. ते हसतात, आणि गोळ्या काही सुटत नाहीत. यंदाही दिवाळी सरली, जिनिंगच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागली, बाभळीच्या काट्यांना रुईचे पुंजके लटकले, आणि मी खोकायला लागले. खोकता खोकता नाकात दर वर्षी एकच वास येतो. ओलं धोतर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. हा वास कुठला ते मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी भाचीची मुलगी रेवा मला तिच्या शहरातल्या गॅलऱ्या दाखवायला घेऊन गेली. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून तिला वाटलं आजीला आवडेल. तिथला एक अख्खा मोहल्ला म्हणे चित्रांचाच. पांढऱ्या भिंती, गार हवा, आणि माणसं इतकी गुपचूप की कुणी गेलंय की काय असं वाटावं. एका काचेवर लिहिलं होतं, 'समकालीन कला'. मी विचारलं, "समकालीन म्हणजे नेमकं काय गं?"

"आत्ताची, आजी. आत्ताच्या माणसांना जे हवंय, जे खुपतंय, त्याची."

"मग अशी एक गल्ली आमच्या यवतमाळला होती."

"यवतमाळला?" ती असं म्हणाली की मला रागच आला. का गं, यवतमाळला माणसं राहत नव्हती? त्यांना काही हवं नव्हतं? मी तिथल्या तिथे, त्या गार हवेत, तिला तसबीर गल्ली सांगायला लागले. तिथली पोरगी दोनदा येऊन हळू बोला म्हणून सांगून गेली. मी काही हळू बोलले नाही.

तसबीर गल्ली जिनिंगच्या मागे होती. जेमतेम दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद, दोन्हीकडून दहा-बारा दुकानं, आणि प्रत्येक दुकानासमोर लाकडी ओसरी. चित्रं आत नसत, ओसरीवर असत. वाळत घातलेली, भिंतीला टेकवलेली, खिळ्याला टांगलेली. माणसं भाजी घ्यायला निघाली तरी वाट वाकडी करून गल्लीतून जात. बोलायला बंदी नव्हती. उलट न बोलता कुणी पुढे गेलंच तर पेंटर हाक मारून विचारत, "काहून जी, जमलं नाई का?"

तोंडालाच करीमभाईचं फ्रेमचं दुकान. काच कापताना जी बारीक किर्र होते ती ऐकली की माझे दात अजून आंबतात. छप्पनच्या दसऱ्यानंतर आमच्या लोकांनी गावोगाव दीक्षा घेतली, देव्हारे उतरवले, पण फ्रेमा कशा फेकायच्या? चांगलं लाकूड, चांगली काच. लोक फ्रेमा घेऊन करीमभाईकडे यायचे, "आतलं काढा, बुद्ध बसवा" म्हणायचे. करीमभाई काढलेले देव एका पेटीत नीट रचून ठेवायचा. म्हणायचा, "किसी के तो हैं. लेने आएगा कोई." आमच्या घरची फ्रेमसुद्धा त्याच्याच हातून गेली. तिच्यात आधी खंडोबा होता.

पुढे सिनेमाच्या बोर्डांचं दुकान. तिथे आठवडाभर हिरो हसायचा आणि गुरुवारी, नव्या सिनेमाला जागा करून द्यायला, चुन्याखाली जायचा. त्याच्या पलीकडे एक म्हातारे कापसाच्या गाठींवर छापे मारायचे पत्रे कापत. जिनिंगचं नाव, नंबर, आणि वर हौसेनं एखादा मोर. कुणी आपल्या तसबिरीत ट्रॅक्टर काढून घ्यायचं, घरी बैल असले तरी. कुणाला पोराच्या अंगात कोट हवा असे. जिल्ह्याला त्या साली काय हवं होतं ते ओसऱ्यांवरून फिरलं की कळायचं, वर्तमानपत्र वाचायची गरज नव्हती.

हंगामात गल्लीची दैना व्हायची. जिनिंगचा भोंगा झाला की सरकी काढायचे रेचे सुरू, आणि रुई उडून गल्लीत. ओल्या रंगावर एक तंतू बसला की संपलं. काढायला जावं तर रंग ओरखडतो, ठेवावा तर गालावर केस उगवतो. म्हणून सगळ्यांनी दारांना धोतरं भिजवून टांगलेली असत, आणि कामाची एक रीत ठरलेली होती. चेहरे सकाळी, भोंग्याच्या आधी. भोंग्यानंतर कपडे, पडदे, झाडं, फुलदाण्या. दौलतराव पेंटर म्हणायचे, "झाडाले रुई लागली त चालते, मानसाच्या तोंडाले नाई चालत."

हे दौलतराव गल्लीच्या पार शेवटी बसत. बुटके, चिडके, एका डोळ्यानं जरा अधू. पण त्यांच्यासारखं काम वर्धा-अमरावतीपर्यंत कुणी करत नसे. ज्याचा एकही फोटो नाही अशा मेलेल्या माणसाची तसबीर ते काढत.

त्या काळी फोटो नसलेली माणसंच जास्त मरायची. पोरं शिकली, नोकरीला लागली, भिंत आली, भिंतीवर लावायला आईबाप नाहीत. मग सगळा गोतावळा दौलतरावांकडे. ते रंगाला हात लावायच्या आधी शाळेतली मोठी दगडी पाटी मांडीवर घेत आणि खडूनं चेहरा काढायला लागत. "नाक कोनाचं होतं? तुमच्यात कोनाचं नाक बुढ्यासारखं हाय? बस समोर." असा एकाचा कान, एकीची हनुवटी. पाटी का, तर पुसता येते. नातेवाइकांनी अंगठ्यानं पुसायचं. पण त्यांचा एक कायदा होता आणि तो ते प्रत्येकाला आधी ऐकवत.

"हे पाहा, कोनीबी पुसा. पन जो पुसन, त्याले तिथं काय होतं थे सांगा लागन. नुसतं 'असं नाई' म्हनलेलं माह्या इथं चालत नाई."

सन साठ उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मी तेरा वर्षांची होते आणि चित्रकलेच्या परीक्षेसाठी घाटंजीहून यवतमाळला आले होते. मावशीकडे उतरले. मावशी म्हणजे माझ्या मायची धाकटी बहीण. जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, दांडगी बाई, हसली की शेजारची कोंबडी उडायची. परीक्षा दोन दिवसांची. स्मरणचित्राला बाजार आला होता. मी काढलेला भाजीवाला त्याच्या गाडीपेक्षा मोठा झाला, जाऊ द्या. पेपर संपला की मी तसबीर गल्लीत. ओसरी ओसरी हिंडायची, आणि मनात एक उद्योग चालायचा. कुठल्याही बाईची तसबीर दिसली की मी तिला विचारायची, तू का?

कारण मला मायचा चेहरा नव्हता. मी तीन वर्षांचीही नसताना ती तापानं गेली. फोटो नाही. मावशी म्हणायची ती माझ्यासारखी होती, आत्या म्हणायची मुळीच नाही. बाबा काहीच म्हणत नसत. ते घाटंजीला जिनिंगमध्ये कामाला होते, बोलणं फार थोडं. मायचं नाव घरात निघालं की उठून पाण्याची घागर बघायचे, भरलेली असली तरी.

आणि तेच बाबा मला न्यायला आले तेव्हा म्हणाले, "चाल, दौलतरावाकडे जाऊ. तुह्या मायची तसबीर करा लागते."

 खरं सांगते, मला आनंद झाला नाही. भीती वाटली. समजा त्या चिडक्या पेंटरानं भलतीच बाई काढली तर? ती भिंतीवर बसणार, आम्ही तिला फूल वाहणार, आणि जन्मभर माय म्हटलं की मला तीच दिसणार. आत्तापर्यंत निदान जागा रिकामी होती. चुकीचं माणूस एकदा तिथे बसलं की खरं परत कुठे येणार? तेरा वर्षांच्या पोरीला हे असं शब्दांत आलं नव्हतं, पण मी त्या दिवशी भाकर खाल्ली नाही.

जिनिंगला सुटी होती, त्यामुळे मावशी मोकळी आणि हवा स्वच्छ. आम्ही तिघं ओसरीवर बसलो. दौलतरावांनी मावशीला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि पाटीवर खडू चालायला लागला.

"नाक माह्यासारखंच," मावशी म्हणाली.

बाबांनी अंगठा पुढे केला आणि नाक पुसलं. दौलतराव थांबले. "सांगा मंग."

बाबा खाली बघून म्हणाले, "शेंड्यापाशी जरासं बसकं होतं. हिच्यावानी धारदार नव्हतं."

"बाप्पा बाप्पा! माह्या बहिनीले नकटी करून राह्यले हे!" मावशी भडकली. पण खडू फिरला, नाक बसकं झालं, आणि मावशी पाटीवर वाकली. मग म्हणाली, "हो जी. असंच होतं."

मग हाताचा प्रश्न आला. बाबा म्हणाले, हातात पुस्तक द्या. त्या वर्षांत गल्लीतल्या आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या हाती पुस्तकं होती. ज्यांना आयुष्यात पाटी शिवू दिली नाही ती सगळी मेल्यावर वाचत बसली होती.

मावशी हसली. "भाऊजी, तिले अक्षर नव्हतं येत. खुरपं द्या तिच्या हाती, थे तिले येत होतं."

"तिच्या पोरीले येते ना आता," बाबा म्हणाले.

"मंग पोरीची तसबीर काढा!"

दौलतराव वैतागले. "भांडू नका. मी मेलेल्या मानसाईले किती घड्याळं घातली, किती खुर्च्यांवर बसवलं, मोजलं नाई. पुस्तक काढतो, पन बंद. उघडं काढलं का लोक इचारतेत आत काय लिवलं हाय." त्यावर मावशीलाही हसू आलं आणि पुस्तक मिटलं.

खरी ठिणगी पडली ती कपाळावर. दौलतरावांनी सवयीनं कपाळाच्या मधोमध खडूचा गोल टिकला दिला. बाबांनी तो लगेच पुसला.

"सांगा," दौलतराव म्हणाले.

"सांगाचं काय? आपून कुंकू सोडलं. दीक्षा घेतली."

त्या दिवसांत आमच्या वस्तीत घरोघर हाच वाद होता. कुणी सोडलं, कुणी लावत होत्या. मावशी स्वतः लावायची. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तो उतरला की आम्ही घाबरायचो. "तुमी घेतली, भाऊजी. मी घेतली. तिले कोनं इचारलं? थे त आधीच गेली बिचारी. नवरा जिता असताना गेली. तिचं कपाळ तुमी मोकळं कराचं?"

 ओसरीखालून जाणारी दोन माणसं थांबून ऐकायला लागली. दौलतरावांनी खडू खाली ठेवला.

"कुंकू त धुतलं का जाते," ते म्हणाले. "धुतल्यावर काय दिसे, थे सांगा."

मावशी बघत राहिली. तिला आठवेना. बाबांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. "गोंदन होतं," ते म्हणाले. "तीन टिपके. दोन खाली, एक वर. वरचा जरासा बाजूले सरकला होता, गोंदनारीचा हात हालला असन. सकाळी तोंड धुतलं का तेवढ्यापुरतं दिसे. मंग झाकून जाय."

बाबांना मी मायबद्दल एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्यापाशी तीन टिपके होते, मावशीपाशी सगळं लहानपण होतं, मी मात्र पाहुण्यासारखी बसले होते.

तीन टिपके पडले. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. "हेच. हेच व माय." बाबा मान हलवत होते, थांबतच नव्हते.

मी पाटीकडे पाहिलं. एक बाई होती. बसक्या नाकाची, चांगली, शांत. मी तिला ओळखत नव्हते.

"काय वं पोट्टे," दौलतराव माझ्याकडे वळले, "तू काहून बोलत नाई? जमली का तुही माय?"

खोटं बोलता आलं असतं. पण जे दिवसभर पोटात होतं ते बाहेर पडलं. "मले नाई माहीत. मी नाई वळखत हिले."

बाबांचा चेहरा असा पडला की शब्द परत घ्यावेसे वाटले. दौलतराव मात्र चिडले, आणि तेही माझ्यावर. "परीक्षा देऊन आली ना? स्मरणचित्र काढलं ना? बाजार आठोला, अन् माय नाई आठोत? घे." त्यांनी पाटी उलटी केली आणि खडू माझ्या हातात कोंबला. "चेहरा नको काढू. जे येईन थे काढ."

मी काय काढायचं ठरवलं नव्हतं. हातानं एक गोल काढला, तो अंबाडा झाला. त्याखाली मान. एका बाजूला कान, पण पुढून दिसतो तसा नाही, मागून दिसतो तसा, मुडपलेला. मानेवर काळ्या पोतीचा दोरा, घामानं चिकटलेला.

"हे काय वं?" मावशी रडता रडता म्हणाली. "पाठ काहून काढली?"

मलाच ठाऊक नव्हतं. बाबांनी सांगितलं, अगदी हळू. "पाठीले बांधून ने ती हिले कापूस वेचाले. झाडाखाली झोळीत ठेवाची भीती वाटे तिले, साप-इच्चू. पुढे ओटीत कापूस, मागे ही."

मी थांबले नाही. आता मला दिसत होतं. कानामागे, केस सुरू होतात तिथे, मी एक बारीक तिरकी रेघ ओढली. जुन्या जखमेची असते तशी.

मावशीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की खडू मोडला. "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई."

"भाऊजी, तुमी?"

"मले त हे कधी दिसलंच नाई," बाबा म्हणाले.

मावशी ओसरीवर बसल्या बसल्या खचली. लहानपणी भांडणात तिनंच खुरपं फेकलं होतं. मार बसेल म्हणून दोघी बहिणींनी घरी सांगितलं नाही. मोठीनं ती खूण झाकायला केस खाली बांधायला सुरुवात केली आणि जन्मभर खालीच बांधले. दोघींशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं. "मलेच आठोन नव्हती राह्यली व," ती म्हणत होती. "अन् ह्या एवढ्याश्या पोरीले..."

त्या क्षणी मला जे वाटलं ते सरळच लिहिते. मी जिंकले असं वाटलं. माझी माय माझ्यापाशी होती, आणि ती दुसऱ्या कुणाकडून आलेली नव्हती.

पाटीची ती बाजू दुसऱ्या दिवशी पुसली गेली असणार. धंद्याची पाटी ती, दुसरं गिऱ्हाईक येणारच. पुढची बाजू रंगवून महिन्याभरानं आमच्याकडे आली. आज माझ्या बैठकीत आहे. बसकं नाक, तीन टिपके, मांडीवर बंद पुस्तक. येणारे विचारतात, मी सांगते माझी आई. आता ओळखते मी तिला, साठ वर्षांत ओळख होतेच. ती गल्ली मात्र राहिली नाही. छापलेले फोटो आले, दुकानं एकेक मोबाइलची झाली, भोंगा गेला. रुई तेवढी येते.

पण रेवाला त्या गार हवेत मी इथवरच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

त्याच संध्याकाळी आम्ही घाटंजीची एसटी धरली. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस पांढराशुभ्र. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अजून काय आठोते?"

मी सांगितलं. मानेचा वास. वाकून उठायची तेव्हा माझे पाय तिच्या कमरेला घासायचे. ओटी भरत जाई तसं पुढचं वजन मागच्या माझ्या वजनाशी जुळे आणि तिला सरळ उभं राहणं सोपं जाई.

"अजून?"

एवढंच होतं. जेवढं होतं ते संपलं होतं. पण बाबा माझ्याकडे अशा तोंडानं बघत होते की मला 'नाही' म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "बांधावरच्या बोरीचं बोर तोडे अन् मागे वळून माह्या हातात देई. पिकलंच देई. अन् हसे."

बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग घाटंजी येईपर्यंत मी रचत गेले आणि ते ऐकत गेले.

त्या शेताच्या बांधाला बोर नव्हती. बाबांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, त्यांनीच तो बांध घातला होता. ते काही बोलले नाहीत, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. बरीच वर्षं गेली. बाबा थकले, अंथरुणाला लागले, माणसं विसरायला लागले. मावशी भेटायला आली होती. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा बाबा तिला तसबिरीकडे बोट दाखवून सांगत होते, "लय जीव होता तिचा पोरीवर. वेचता वेचता बोर तोडे अन् वळून हिच्या हातात देई. पिकलंच देई."

मावशी म्हणाली, "हो का जी? मले नाई माहीत हे."

"तुले कसं माहीत असन?" बाबा म्हणाले. "मी पाह्यलं ना."

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "हो मावशी. देत जाय ती."